अडीच वर्षांच्या मुलीच्या जाकिटाला टाके किती घालायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी अडीच वर्षांची, छाती 52 सेंटिमीटर. राहायला निफाडकडे, थंडी तोंडावर आलेली. तिच्यासाठी बिनबाह्यांचं जाकीट विणायचं आहे. घरात ‘बेबी वूल’ म्हणून आणलेले 100 ग्रॅमचे दोन गुंडे आहेत आणि 8 नंबरच्या सुया आहेत. शेजारच्या काकू म्हणतात पाठीला 66 टाके घाला, व्हिडिओतली बाई 80 सांगते. खरं कुणाचं धरायचं? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी विणलेलं जाकीट डोक्यातून गेलंच नाही, गेलं तेव्हा मुंढ्यात, म्हणजे काखेभोवतीच्या कापात, काचत होतं, म्हणून ते तसंच कपाटात पडलंय.

टाक्यांचं आधी सांगते, पण माझ्या मते तुमची खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे. छातीचं माप चुकलं तरी लहान मुलांचं विणकाम बरंचसं निभावून जातं, कारण वीण ताणली जाते. गळा आणि मुंढा चुकला की मूल ते घालूच देत नाही.

66 की 80? दोन्ही बरोबर. काकूंच्या डोळ्यांसमोर जाड लोकर आहे, बाजारात जिला डीके किंवा डबल निटिंग म्हणतात ती. 4 मिलिमीटरच्या सुईवर तिचे साधारणपणे 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसतात. व्हिडिओतली बाई बहुधा बारीक फोर प्लाय लोकर वापरते आहे. ती 3.25 मिलिमीटरच्या सुईवर विणली की 10 सेंटिमीटरमध्ये 28 टाके येतात. आता हिशोब करू. छाती 52, त्यात आतल्या कपड्यांसाठी आणि हालचालीसाठी 6 सेंटिमीटर मोकळीक, म्हणजे जाकिटाचा घेर 58. पाठ त्याच्या निम्मी, 29 सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला 2.2 टाके, म्हणजे 29 गुणिले 2.2 बरोबर 63.8. धरा 64. दोन्ही कडांना शिवणीत एकेक टाका जातो, म्हणून 66. काकू पास! बारीक लोकरीला 29 गुणिले 2.8 बरोबर 81 च्या आसपास, म्हणजे 80-82. बाईही पास.

गडबड होते ती एकीचा आकडा दुसरीच्या लोकरीला लावला की. तुमची लोकर जाड असेल आणि तुम्ही 80 घातले, तर घेर 71 सेंटिमीटरपर्यंत जाईल, ते जाकीट मुलगी तिसरीत गेल्यावर होईल. लोकर बारीक असेल आणि बारीक सुईवर 66 घातले, तर घेर 46 होईल, म्हणजे छातीपेक्षाही कमी.

आणि लोकर-सुई सारखी असली तरी हात सारखे नसतात. मी विणकाम शिकवते, तेव्हा हे दर वेळी दिसतं: एकाच गुंड्याची लोकर, एकाच नंबरच्या सुया, शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीचे 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके आणि दुसरीचे 24. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण तेच 66 टाके पहिलीच्या हातून 64 सेंटिमीटर घेराचं जाकीट करतात आणि दुसरीच्या हातून 53 चं. तुमच्या मुलीला एक लोंबेल आणि दुसरं अंगाला चिकटेल. म्हणून “किती टाके?” याचं उत्तर ना काकू देऊ शकत, ना मी. ते तुमच्या हातात आहे, आणि ते काढायला अर्धी संध्याकाळ पुरते.

नमुन्याचा तुकडा विणा. 30 टाके घाला, 40 ओळी विणा, एक ओळ सुलट, एक उलट. टाके बंद करा. मग तो तुकडा जाकीट जसं धुणार तसाच धुवा, टॉवेलवर पसरून वाळवा, आणि मगच मोजा. कडेचे टाके ताणलेले किंवा गोळा झालेले असतात, म्हणून मधोमध पट्टी ठेवायची, दोन टाचण्या 10 सेंटिमीटर अंतरावर टोचायच्या आणि मधले टाके मोजायचे. अर्धा टाका आला तर अर्धाच धरा, तो सोडून देऊ नका. 29 सेंटिमीटरमध्ये त्याचा दीड टाका होतो. तशाच ओळीही मोजा. बायका हा तुकडा विणायचा फार कंटाळा करतात. पण संपूर्ण पाठ विणून उसवण्यापेक्षा 30 टाके परवडले.

त्यात एक गोष्ट बघून ठेवा. तुकडा उलटा धरला की काही जणींच्या ओळी जोडीजोडीने दिसतात, दोन ओळी जवळ, मग फट, पुन्हा दोन जवळ. याचा अर्थ तुमची उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल पडते. पुष्कळांचं तसं होतं. उलट ओळ विणायला उजव्या हातात एक नंबर बारीक सुई घ्या, ओळी सारख्या होतात.

सुयांच्या नंबरांचा घोळही इथेच मिटवू, कारण तुम्ही व्हिडिओ बघून विणता. आपल्याकडच्या सुयांवरचे जुने नंबर इंग्लंडच्या पद्धतीचे आहेत, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 9 म्हणजे 3.75, 10 म्हणजे 3.25, 11 म्हणजे 3, 12 म्हणजे 2.75. अमेरिकेची पद्धत नेमकी उलटी, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते. त्यांची 8 नंबर 5 मिलिमीटरची. आपल्या 8 नंबरच्या जोडीची त्यांच्याकडची सुई 6 नंबरची. म्हणून व्हिडिओत “8 नंबर” ऐकलं की बाई कुठली आहे ते आधी बघा. त्यापेक्षा मिलिमीटर विचारायची सवय लावलेली बरी.

लोकरीबद्दल. आपल्या बाजारात मिळणारी विणायची ‘लोकर’ पुष्कळदा कृत्रिम धाग्याची, म्हणजे अ‍ॅक्रिलिक असते. वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं दुकानात दिसतात, ती सगळी लुधियानाची. बेबी वूल या नावावर भरवसा ठेवू नका, लेबल वाचा. किती टक्के अ‍ॅक्रिलिक, किती टक्के खरी लोकर, ते छापलेलं असतं, आणि पुष्कळ लेबलांवर एक छोटा चौकोन असतो, त्यात सुई किती जाड आणि 10 सेंटिमीटरमध्ये टाके-ओळी किती हे दिलेलं असतं. तो चौकोन म्हणजे सुरुवातीचा अंदाज. हाताचा हिशोब त्यानंतर.

रोज घालायच्या, वारंवार धुवायच्या जाकिटाला अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. मशीनमध्ये चालतं, आटत नाही, बहुतेक मुलांना टोचत नाही. दोनच पथ्यं. एक, त्यावर इस्त्री फिरवायची नाही. गरम वाफ लागली की वीण कायमची मरगळते आणि लोंबते, मग काही केल्या पूर्ववत होत नाही. दुसरं तुमच्या भागासाठी महत्त्वाचं. थंडीत अंगणात शेकोटी पेटते, मुलं तिच्याभोवतीच घुटमळतात. अ‍ॅक्रिलिक पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहसा पटकन पेटत नाही आणि आगीपासून दूर केली की बहुधा विझते. शेकोटीजवळ जाताना अ‍ॅक्रिलिकचं जाकीट काढा, बाकी दिवसभर खुशाल घालू दे. खरी लोकर घ्यायची असेल तर मेरिनो जातीच्या मेंढीची घ्या, आणि मशीनमध्ये चालते असं लेबलवर लिहिलेलीच घ्या. सुती धागा जाकिटाला मी सहसा सुचवत नाही. तो जड असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःची लवचिकता नसते, त्यामुळे बॉर्डर एकदा ताणली की तशीच ताणलेली राहते.

आता माप. अडीच वर्षांचं मूल टेप लावू देत नाही. झोपेत घ्या, नाहीतर तिला नीट बसणारा एखादा स्वेटशर्ट जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा. तेच माप जास्त भरवशाचं, कारण त्यात मोकळीक आधीच धरलेली असते. पण एक माप मुलीचंच घ्यावं लागेल, आणि तेच बहुतेक जणी घेत नाहीत: डोक्याचा घेर. कपाळावरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर आलेला असतो त्यावरून. या वयात ते 48 सेंटिमीटरच्या आसपास येईल. छाती 52 आणि डोकं 48! मोठ्या माणसाच्या शरीरात एवढं डोकं असतं तर आपल्यालाही स्वेटरमधून बाहेर यायला धडपडावं लागलं असतं. मोठ्यांच्या कपड्याचा गळा प्रमाणात लहान करून मुलांना घातला की फसतो, तो याच कारणाने. तुमचं गेल्या वर्षीचं जाकीट बहुधा इथेच अडलं.

मी धरते तो हिशोब असा. गळ्याचा न ताणलेला घेर डोक्याच्या किमान पाऊणपट हवा. 48 चे पाऊणपट 36. गोल गळा मागे 10 सेंटिमीटर रुंद आणि पुढे 5 सेंटिमीटर खोल घेतला तर त्याचा घेर जेमतेम 26 भरतो. तो ताणून 48 करायचा तर गळ्याची पट्टी फार सैल लागते, आणि सैल पट्टी चार धुण्यांत आकार सोडते. व्ही गळा 10 रुंद आणि 14 खोल घेतला तर मागचे 10 आणि पुढच्या दोन तिरक्या बाजू साधारण 15-15, म्हणजे 40. पट्टी विणल्यावर थोडा कमी होईल, तरी डोकं आरामात जाईल. गोल गळाच हवा असेल तर एक खांदा शिवू नका, तिथे दोन-तीन बटणं लावा. आणि तुमची मुलगी डोक्यावरून काहीही घालायचं म्हटलं की रडत असेल, तर सरळ पुढून उघडं, बटणांचं जाकीट करा. त्याबद्दल पुढे लिहिते.

एक सूचना. पुढे मी जे आकडे देते आहे ते 10 सेंटिमीटरला 22 टाके आणि 30 ओळी आल्या तरच. तुमचे वेगळे आले तर सेंटिमीटर तेच ठेवा आणि टाके बदला.

पाठ. 10 नंबरच्या सुईवर 66 टाके, दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर 5 सेंटिमीटर. टाके घालताना 8 नंबरची सुई वापरा, नाहीतर खालची कड आवळते. पाहिजे तर दोन सुया एकत्र धरून घाला आणि मग एक काढून घ्या. 66 हा आकडा या बॉर्डरला चांगला जमतो, कारण सुरुवात दोन सुलटने, शेवटही दोन सुलटने होतो. शिवणीत दोन्हीकडचा एकेक टाका आत गेला की बाकीचे दोन जुळून बरोबर दोन सुलट दिसतात, शिवण कुठे आहे ते कळतही नाही. बॉर्डर गाळायची नाही. एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण खालून वर वळतेच, तिचा स्वभावच तो. पाण्याने भिजवून, वजन ठेवून ती सरळ होईल असं कुणी सांगितलं तर दोन दिवसच होते.

मग 8 नंबरच्या सुया घेऊन साधं विणत जा, बॉर्डर धरून एकूण 19 सेंटिमीटर होईपर्यंत. इथे मुंढा सुरू. पूर्ण लांबी 33 धरली आहे, म्हणजे मुंढ्याला 14 सेंटिमीटर, 42 ओळी. तुम्ही गेल्या वेळी मुंढा किती घेतला होता लिहिलेलं नाही, पण काचत होता म्हणजे 11-12 असणार. शरीराचं माप तेवढंच येतं. पण जाकिटाच्या मुंढ्याला पुन्हा आतून पट्टी लागते, ती दोन सेंटिमीटर खाते, आणि आत जाड बाह्यांचा फ्रॉक किंवा शर्ट असतो. बाह्यांच्या स्वेटरला चालणारा मुंढा जाकिटाला आखूड पडतो तो यामुळे.

मुंढ्याची रुंदीही तशीच. पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला चार-चार टाके बंद करा, राहिले 58. मग एकाआड एक ओळीत, सुलट बाजूने, दोन्हीकडे एकेक टाका सहा वेळा कमी करा, राहिले 46. घट अगदी कडेला करू नका. दोन टाके साधे विणून मग उजवीकडे एक टाका न विणता उचला, पुढचा विणा, उचललेला त्यावरून ओढून टाका. डावीकडे शेवटचे चार राहिले की दोनाचा एक सुलट आणि मग दोन साधे. म्हणजे दोन्ही तिरक्या रेषा आतल्या बाजूला झुकतात, कड सलग राहते आणि पुढे पट्टीसाठी टाके उचलताना भोकं पडत नाहीत. 46 टाके म्हणजे 21 सेंटिमीटर. डोळ्याला अरुंद वाटेल. वाटू दे. पट्ट्या लागल्यावर ते 24 च्या पुढे जातं. पाठ इथे रुंद ठेवली की पट्टी खांद्यावरून खाली उतरते आणि बाहीसारखी लटकते, दुकानातल्या स्वस्त जाकिटांत दिसतं तसं.

पाठ सरळ वर न्या, मुंढ्याच्या 42 ओळी झाल्या की थांबा. खांद्याचे 12, गळ्याचे 22, खांद्याचे 12. एवढ्याशा खांद्याला उतार द्यायची गरज नाही. तिन्ही गट वेगवेगळ्या धाग्यावर किंवा मोठ्या पिनेवर ठेवा, बंद करू नका.

पुढचा भाग मुंढ्यापर्यंत तसाच, फक्त बॉर्डरच्या शेवटच्या ओळीत एक टाका वाढवून 67 करा. लांबी टेपने मोजण्यापेक्षा पाठीच्या ओळी मोजा आणि तेवढ्याच विणा, नाहीतर शिवताना एक बाजू ओढून आणावी लागते. मुंढ्याचे चार-चार बंद झाले की 59 राहतात. मधला एक पिनेवर ठेवा, दोन्हीकडे 29-29. आता दोन बाजू वेगवेगळ्या विणायच्या. मुंढ्याकडे पाठीसारखे सहा कमी करायचे, गळ्याकडे अकरा. गळ्याचे पहिले तीन एकाआड एक ओळीत, नंतरचे आठ दर चौथ्या ओळीत. त्याला 38 ओळी लागतात, मुंढ्याचे टाके बंद केलेल्या 2 धरून 40, उरलेल्या 2 साध्या. 29 वजा 6 वजा 11 बरोबर 12. खांदा जुळला.

खांदे जोडायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे दोन्ही भाग सुलटला सुलट लावून, दोन सुया शेजारी धरायच्या आणि तिसऱ्या सुईने दोन्हीकडचा एकेक टाका मिळून विणत बंद करत जायचं. आधी एकच खांदा जोडा. गळ्याची पट्टी विणा, मग दुसरा. सरळ सुयांवर हेच जमतं.

पट्टीसाठी टाके उचलताना नेमकी कुठे चूक होते ते सांगते. कडेला 42 ओळी आहेत म्हणून 42 टाके उचलले की पट्टी झालरीसारखी फुलते. कमी उचलले तर चुण्या पडतात. 10 सेंटिमीटरमध्ये तुमच्या ओळी 30 आणि टाके 22, म्हणजे ओळ टाक्यापेक्षा बुटकी. म्हणून दर चार ओळींतून तीन टाके: तीन उचला, एक सोडा. गळ्याच्या एका बाजूला साधारण 32, मधला पिनेवरचा एक, दुसऱ्या बाजूला 32, मागचे 22. मुंढ्याला 42 ओळी पाठीच्या, 42 पुढच्या, म्हणजे 84 चे 63, अधिक खाली बंद केलेले आठ, मिळून 70-72. एक सुलट एक उलट, 10 नंबरच्या सुईवर, पाच-सहा ओळी. व्हीच्या टोकाला दर सुलट ओळीत तीन टाक्यांचा एक करायचा आणि मधला टाका वर दिसेल असा ठेवायचा. टोकाशी सुलट-उलट जुळत नसेल तर मागच्या गळ्यात एखादा टाका कमी-जास्त करा, तिथे कुणाचं लक्ष जात नाही.

पट्टी बंद करताना 8 नंबरची सुई घ्या, आणि सुलटवर सुलट, उलटवर उलट असं विणत बंद करा. सगळा खेळ या एका ओळीत आहे. पट्टी कितीही लवचीक विणली आणि ही ओळ आवळली तर गळा त्या ओळीएवढाच ताणतो. बंद केल्यावर लोकर लगेच कापू नका. दुसरा खांदा कच्च्या धाग्याने टाचून मुलीच्या डोक्यातून घालून बघा. कानाशी अडलं तर ती एक ओळ उसवून सैल करायला दहा मिनिटं लागतात.

पुढून उघडं जाकीट करायचं असेल तर पाठ तीच. पुढचे दोन भाग प्रत्येकी 30 टाक्यांचे, कारण मधली पट्टी साधारण सहा टाक्यांची जागा भरते. मुलींच्या जाकिटात काजं उजव्या भागावर, मुलांच्या डाव्या. काजं आधी विणू नका. बटणांची पट्टी आधी विणून बटणं कुठे येतात ते ठरवा, मग समोरच्या पट्टीत त्या ओळींना काजं करा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या कपड्यावर बटण म्हणजे जोखीम, ते तोंडात जातंच. लोकरीने शिवू नका, मजबूत दोऱ्याने शिवा, आणि मागच्या बाजूला एक लहान चपटं बटण ठेवून दोन्हीतून दोरा न्या. वीण फाटून बटण निघत नाही. फुलाफुलांची, कडा असलेली बटणं तुम्हाला आवडतील, ती विणायच्या पिशवीवर लावा.

वयाचं बघून आणखी एक. दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी जाळीची वीण आणि रंगीत नक्षी मी टाळते. नक्षी विणताना मागच्या बाजूला रंगांचे धागे आडवे राहतात, तीन-चार टाक्यांपेक्षा लांब असले की मुलाची बोटं त्यात अडकतात, आणि बोटाला धागा गुंडाळला गेला तर ते प्रकरण गंभीर होऊ शकतं. जाळीच्या भोकांचंही तेच. शोभा हवी असेल तर दोन रंगांचे आडवे पट्टे घ्या, किंवा सुलट-उलट टाक्यांनीच चौकडा उठवा. धाग्यांची टोकं शिवणीत किमान पाच-सहा सेंटिमीटर फिरवून मुरवा, गाठ मारून कापू नका.

वाढत्या अंगाचं काय, असं तुम्ही विचारलंय, म्हणजे मोठंच विणू का? रुंद नको, लांब चालेल. या वयात उंची वर्षाला 6 ते 8 सेंटिमीटर वाढते, छाती मात्र दोन-अडीचच. म्हणून 6 सेंटिमीटरची मोकळीक पुढच्या थंडीलाही बहुधा पुरेल, आखूड पडेल ती लांबी. आत्ताच तीन सेंटिमीटर जास्त विणलंत तर जाकीट कमरेखाली जाईल, त्याने काही बिघडत नाही. नाहीतर पुढच्या वर्षी बॉर्डरच्या वरच्या ओळीतला एक टाका कापा, ती ओळ हलक्या हाताने ओढून बॉर्डर वेगळी करा, वरचे सुटे टाके सुईवर घ्या आणि खालच्या दिशेने पाहिजे तेवढं विणून नवी बॉर्डर करा. जोड कळत नाही. यासाठी उरलेली लोकर लेबलासकट ठेवा.

तुमच्याकडे सकाळी हात गारठतात आणि दुपारी ऊन लागतं. बाह्या नसल्याचा फायदा असा की सकाळी पूर्ण बाह्यांच्या शर्टावर घाला, अकरा वाजता काढा. म्हणून घालायला-काढायला सोपं हेच पहिलं.

लोकर पुरेल का, तर हो. जाड लोकरीला या मापाला 100 ते 150 ग्रॅम लागते, तुमच्याकडे 200 आहे. दोन्ही गुंड्यांच्या लेबलवरचा रंगाचा लॉट नंबर मात्र आत्ताच बघा. वेगळा निघाला तर एका गुंड्याची पाठ आणि दुसऱ्याचा पुढचा भाग असं करू नका, उजेडात फरक उठून दिसतो. दुसरा गुंडा फक्त बॉर्डरला आणि पट्ट्यांना वापरा, तिथे वीणच वेगळी असते, रंगातला फरक लपतो. आणि पाठ विणून झाली की ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा, पुढच्या भागाला जवळपास तेवढीच लागेल.

नमुन्याचे टाके आणि ओळी मोजून झाल्या की आकडे सांगा. 22 आणि 30 नसतील तर घटीच्या ओळी तुमच्या मापाने पुन्हा मांडून देते.